मेणकागदातलं मीठ

१

शुक्रवारी सकाळी साडेआठला चर्चच्या तळघरातलं कपाट उघडलं, तेव्हा आत टेबलक्लॉथ होते, मेणबत्त्यांचा खोका होता, नाताळच्या नाटकातले देवदूतांचे पंख होते. अर्जाचं पाकीट तेवढं नव्हतं.

ड्रीमा टॅकेटने पंख बाहेर काढले. टेबलक्लॉथ एकेक करून झटकले. मग गुडघे टेकून कपाटाखाली हात घातला, तर हाताला नुसती धूळ लागली.

"काल दुपारी एकला होतं इथे," ती म्हणाली. "टेबलक्लॉथ काढताना मीच वरच्या फळीवर सरकवलं, सिस्टर ऑर्फा. या माझ्या हातांनी."

ऑर्फा स्टिडम जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. या चर्चमध्ये थोरल्या बायकांना सिस्टर म्हणायची रीत होती. अडुसष्ट वर्षांची, अंगाने किरकोळ, आवाज इतका मऊ की समोरच्यालाही आपोआप हळू बोलावं लागे. तीस वर्षं तिने टॉलिव्हर गावचं पोस्ट सांभाळलं होतं. कुणाच्या घरी कुठून पत्र आलं हे तिला ठाऊक असे, आणि ते तिच्या तोंडून कधी कुणाला कळलं नव्हतं. देवापुढे शब्द दिल्यासारखं तिने ते पाळलं होतं.

"पुन्हा एकदा बघ," ती म्हणाली. बघून काही उपयोग नाही हे दोघींनाही दिसत होतं.

वेदना थांबवायच्या गोळ्यांनी या डोंगरांतली माणसं वीस वर्षं खाल्ली. त्याची भरपाई म्हणून कंपन्यांनी कोर्टात पैसे भरले, आणि आपल्या वाट्याचे पैसे कुणाला द्यायचे हे आता काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, कमिशन ठरवणार होतं. ज्याला हवेत त्याने अर्ज करायचा. ड्रीमाने चर्चच्या मागच्या रिकाम्या घरासाठी केला होता. व्यसनातून उठू पाहणाऱ्या आठ बायकांना तिथे राहता यावं, एवढंच तिचं मागणं. मुदत आज दुपारी बाराची. अर्ज कागदावरच हवा, सह्या मूळच्याच हव्यात. घर वापरायला देतो असं लिहून चर्चच्या तिघा विश्वस्तांनी सह्या केल्या होत्या. त्यांतले सर्वांत म्हातारे होबर्ट क्लाइन यांनी सोमवारी सही केली आणि मंगळवारी पहाटे डोळे मिटले. काल त्यांना पुरलं, आणि त्यांच्यामागचं जेवण याच तळघरात झालं. आता ती सही आणायला कुठे जायचं?

"टॅबिथाला काय सांगायचं?" ड्रीमाने विचारलं.

 टॅबिथा ऑर्फाची नात, चोवीस वर्षांची, चार महिने तुरुंगात होती. न्यायाधीश म्हणाले होते, शुक्रवारी बारापर्यंत त्या घराचा अर्ज दाखल झाला, तर घर उघडेपर्यंत थांबू आणि तिला तिथे पाठवू. नाही झाला, तर सोमवारी राज्याच्या मोठ्या तुरुंगात, तीन वर्षांसाठी.

तिला नेलं त्या दिवसापासून ऑर्फाने नेम धरला होता. पहाटे एक स्तोत्र वाचायचं आणि दुपारी बारा वाजेपर्यंत अन्नाला शिवायचं नाही. आज सकाळी मागच्या दाराच्या पायरीवर तिचं भांडं कुणीतरी परत आणून ठेवलं होतं. कालच्या जेवणाला तिने त्यात चीज घातलेले बटाटे नेले होते आणि तुरुंगातल्या भेटीची वेळ गाठायची म्हणून दोनलाच निघाली होती. इथे कुणी कुणाचं भांडं रिकामं परत करत नाही. चार बिस्किटं, एखादं सफरचंद, काहीतरी असतंच. मोह नको म्हणून तिने झाकण न उघडताच, गोधडीच्या निळ्या पिशवीसकट ते ओट्यावर ठेवून दिलं होतं.

"काल जेवण झाल्यावर आवरायला कोण कोण थांबलं होतं?" तिने विचारलं.

"खुर्च्या मिटायला ओकी रॅटलिफ. भांडी घासायला पास्टरची बायको, सिस्टर नेड्रा. ती राजधानीहून अर्ज लिहून द्यायला आलेली पोरगी, ऑब्री." ड्रीमाने कपाटाचं दार लावलं. "आणि चौथी मी. गावाला विचाराल, तर पहिलं नाव माझंच निघेल."

२

रिकाम्या घराचं छप्पर गळत होतं. म्हणूनच ड्रीमाने पाकीट चर्चमध्ये ठेवलं होतं. तिथल्या तिच्या टेबलाशेजारी बादली होती आणि बादलीत थेंब पडत होता.

"ड्रीमा, मी एकदाच विचारते."

"विचारा ना. बाकीचे मनात विचारतात, तुम्ही निदान तोंडाने विचारताय." तिने खण ओढून लघवी तपासायचा प्लॅस्टिकचा कप टेबलावर ठेवला. "हा कप, ही समोर मोरी. दार उघडं ठेवते. हवं तर भजन म्हणत म्हणत भरून देते."

"भजन नको बाई. रविवारी ऐकते तेवढं पुरे."

ड्रीमा हसली आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. ती पूर्वी नर्स होती. दुसऱ्यांच्या गोळ्या स्वतः घेता घेता नोकरी गेली, सहा वर्षं ओहायोत गेली, त्यातली दोन गजाआड. परत येऊन तिला दोन वर्षं झाली होती आणि ती दोन्ही वर्षं तिने एकेक दिवस मोजून काढली होती.

"मी तो अर्ज चोरला, तर मी जाणार कुठे?" ती म्हणाली. "याच्यापलीकडे माझ्याकडे काहीही नाही, सिस्टर."

ऑर्फाने टेबलावरची कच्ची प्रत उचलली. सह्यांचं पान सोडून सगळं त्यात होतं. सहाव्या पानावर एक तक्ता होता.

"हे काय?"

"काउंटीने लावायला सांगितलेली यादी. आपल्या भागात गोळ्यांपायी किती गेले ते. नाव एकाचंही नाही. पुरुष की बाई, वय, रस्ता, महिना आणि वर्ष, बस. त्यांच्याकडून आली तशी उतरवली. चार वाजता कमिशनच्या बैठकीत मोठ्याने वाचतात ती."

"सगळ्यांसमोर?"

"खुली बैठक असते ना. पण नावं नाहीत म्हटल्यावर कुणाला काय कळणार?"

ऑर्फाचं बोट नवव्या ओळीवर थांबलं होतं. बाई, एक्केचाळीस, क्विकसँड रोड, ऑगस्ट. क्विकसँड रोडवर चार घरं. त्या ऑगस्टमध्ये एकाच घरातून शवपेटी निघाली होती. लॉरीना. टॅबिथाची आई, ऑर्फाची मुलगी.

 प्रत घडी करून तिने कोटाच्या खिशात ठेवली.

"प्रती कुणी काढल्या?"

"सिस्टर नेड्राने, बुधवारी, चर्चच्या मशीनवर. बिचारी दुपारभर उभी होती. मग पाकीटही तिनेच बंद करून दिलं. तुम्ही आधी ओकीकडे जा. हे घर उघडलं तर मी जाळून टाकीन, असं तो काल चिकन खाता खाता म्हणाला."

३

ओकी रॅटलिफ त्या घराच्या शेजारीच राहत असे. त्याच्या गॅरेजचं दार अर्धं वर होतं आणि तो खाटेवर बसून करवतीचे दात घासत होता. सव्वानऊ वाजले तरी उजेड दरीत उतरला नव्हता. नोव्हेंबरात इथे दहानंतर सूर्य दिसतो आणि साडेतीनला डोंगर त्याला गिळतो.

"ये, ऑर्फा. तोंड सुकलंय. बिस्किट घे."

"बारानंतर."

"देवाशी अजून सौदा चालूच का तुझा?"

"सौदा नाही रे, नेम आहे."

"तेच ते. तुझा देव उधारी ठेवत नाही म्हणतात." त्याने करवत खाली ठेवली. दोघं एका वर्गात शिकलेली. "पाकीट हरवलं ना? बरं झालं, हे तोंडावर सांगतो. माझ्या सख्ख्या भाच्याने माझ्या बायकोच्या, मर्टलच्या बोटातली अंगठी काढली, ती पलंगावर शेवटचे श्वास घेत असताना. तसले आठ जण मला कुंपणापलीकडे नकोत."

"आठ बायका."

"बायका चोऱ्या करत नाहीत वाटतं?"

 टॅबिथाला चोरीसाठीच धरलं होतं. ओकीच्याही ते लक्षात आलं आणि तो मान खाली घालून खिसे चाचपू लागला. एक कागद काढून त्याने पुढे केला. ती त्या घराविरुद्धची त्याची हरकत होती, त्याच्या नावासकट, काउंटीच्या शिक्क्यासकट. शिक्क्यावर वेळ होती कालची, चार वाजून चाळीस.

"मला मारायचं असतं तर मी समोरून मारतो. खुर्च्या मिटल्या आणि सरळ हे द्यायला गेलो. केवढं होतं तुझं ते पाकीट?"

"बटाट्यांच्या माझ्या भांड्याएवढं. बोटभर जाड."

"मग ते कोटाखाली मावायचं नाही. मी चिकन कागदी डब्यात नेलं होतं, येताना हातात टोपी फक्त. पिशव्या होत्या त्या तुम्हा बायकांकडे." त्याने करवत पुन्हा उचलली. "त्या शहरातल्या पोरीला विचार. शेरीफचा अर्जही तीच लिहितेय. ठाऊक होतं तुला?"

ऑर्फाला ठाऊक नव्हतं.

४

ऑब्री लँग कोर्टासमोरच्या खानावळीत खिडकीशी बसली होती. समोर अंडी थंड होत होती.

"हो, शेरीफचाही लिहिला," ती म्हणाली. "लपवलेलं नाही. त्यांचा अर्ज वेगळ्या खात्यातून आहे, मावशी. तुमचा बुडाला म्हणून त्यांना काही जास्त मिळणार नाही. उलट माझं नाव खराब. चार महिने मी यावर काम केलंय."

"काल तू काय आणलं होतंस?"

"केक. दुकानातला, प्लॅस्टिकच्या डब्यातला. सगळे त्याच्याकडे असे बघत होते, जणू मी उंदीर आणलाय." ती हसली. "तुमच्याकडचं मला काही कळत नाही बघा. सगळी भांडी सारखी, सगळ्या पिशव्या गोधडीच्या. कुणाचं कुठलं हे ओळखता कसं?"

"तळाला चिकटपट्टी असते, नाव लिहिलेली."

"असं होय! आणि तो डबा, मी टाकून देणार होते. तर पास्टरच्या बायकोने तो धुतला, पुसला, आत सहा पाव कोंबले. म्हटलं, अहो, मला नकोत. तर म्हणाल्या, डबा रिकामा कसा जाऊ देऊ?"

ऑर्फा ऐकत होती. बाहेर कोर्टाच्या घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"तू निघालीस कधी?"

"पाचला. एक निळी पिशवी खुंटीला होती तेव्हा. ती एकच राहिली होती. शिवण फार सुरेख आहे, म्हणून लक्षात राहिली."

"आणि आत कोण होतं?"

"ड्रीमा फरशी पुसत होती, आणि पास्टरची बायको. दोघीच."

ऑर्फाने टेबलाची कड धरली. पाकीट कुणी उघड्यावर नेलं नसणार. केकच्या डब्यात ते मावलं नसतं. ओकीच्या हातात टोपी होती. नेड्राने पाव उघड्या टोपलीतून आणले होते. ड्रीमाने तर काही करून आणलंच नव्हतं. एवढं मोठं पाकीट सपाट मावेल अशी एकच पिशवी तिथे उरली होती, आणि ती ऑर्फाची. त्या पिशवीतून, तिच्याच भांड्याखाली घालून, तिच्या नातीची तीन वर्षं कुणीतरी दाराबाहेर नेली होती. आणि मग ते भांडं आपल्या घरात सापडू नये म्हणून उजाडायच्या आत तिच्या पायरीवर आणून ठेवलं होतं.

दोघींपैकी एक. गाव ड्रीमाचंच नाव घेणार.

तेवढ्यात तिला आठवलं की सकाळी उचलताना ते भांडं हलकं लागलं होतं. फारच हलकं.

५

स्वयंपाकघरात तिने कोटही काढला नाही. बघणं म्हणजे खाणं नव्हे, असं मनाशी म्हणत तिने झाकण उचललं.

भांडं घासून लख्ख केलेलं होतं. आत बिस्किटं नव्हती, सफरचंद नव्हतं. एका कोपऱ्यात मेणकागदाची बोटभर पुडी होती. तिने ती उलगडली. आत चिमूटभर मीठ होतं.

ऑर्फा खुर्चीत बसली.

परक्या माणसाने भांडं रिकामं आणलं असतं आणि त्याला त्यात काही वाटलंही नसतं. पण परका माणूस पुढच्या दाराशी येतो. मागच्या दाराची वाट गावातल्यांची. म्हणजे भांडं रिकामं द्यायचं नसतं हे ठाऊक असलेल्या माणसाने ते आणलं. तरीही आत आपल्या हातचं काही घालता येत नव्हतं. इथे प्रत्येकीचा हात ओळखू येतो. लोणच्यातली मोहरी कुणाची, मक्याच्या पावाची खरपूस कड कुणाची, हे डोळे मिटून सांगता येतं. ड्रीमा असती, तर तिला ही अडचणच नव्हती. ती दुकानातलं चॉकलेट टाकते आणि वर दोन विनोद सांगते. ज्या बाईचा हात सगळ्या गावाला पाठ आहे, तिलाच असं काही शोधावं लागलं असतं ज्यावर कुणाचाच हात नसतो. मीठ. ते सगळ्यांच्या घरचं सारखं.

तरी तिच्याने भांडं रिकामं ठेववलं नाही. एवढं मोठं पाप करून आलेली बाई, पण तेवढं तिच्याने झालं नाही.

पुडी कशी बांधली होती ते ऑर्फाने पुन्हा करून पाहिलं. मधे एक दुमड, कडा दोनदा वळवलेल्या, दोन्ही टोकं आत खोचलेली. ही घडी ती एकतीस वर्षं बघत होती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाची भाकर पास्टर एल्झी याच घडीतून बाहेर काढत. ती भाकर एकाच घरी भाजली जाई.

तिने खिशातली यादी काढली. आता ती लॉरीनाच्या ओळीशी थांबली नाही. सतरावी ओळ. पुरुष, एकोणतीस, पार्सनेज रोड, मार्च.

पार्सनेज रोडवर एकच घर होतं, पास्टरचं.

एक जुनी गोष्ट ऑर्फाला आठवली. पाच वर्षांपूर्वी, मे महिन्यात, राज्याच्या शवतपासणी खात्याचा शिक्का असलेला लिफाफा पोस्टात आला होता. तो घ्यायला आलेली बाई हळूच म्हणाली होती, "असलं काही पुन्हा आलं, तर पेटीत टाकू नकोस. माझ्या हातात दे."

घड्याळात अकराला पाच कमी होते.

६

पास्टरच्या घराच्या मागच्या दाराला कडी लावलेली नव्हती. नेड्रा टेबलाशी बसली होती, हातात पीठ नाही, सुरी नाही, काही नाही. ऑर्फाने इतक्या वर्षांत तिला रिकाम्या हातांनी बसलेलं पाहिलं नव्हतं.

"एल्झी?"

"होबर्टच्या विधवेकडे गेलाय." नेड्राने तिच्या हातातल्या मेणकागदाकडे पाहिलं. "सोड्याची पुडी टाकणार होते आधी. मग म्हटलं, सोडा माझ्या पावाची आठवण करून देईल."

"मिठानेही दिली."

"घडीने दिली असेल. हात आपला आपणच घडी घालतो गं." ती उठली आणि थंड भट्टीचं दार उघडलं. आत पाकीट होतं, एका बाजूने फाडलेलं. "रात्रभर मी ते यात ठेवते आणि काढते. पेटवणार होते. होबर्टची सही दिसली, पेटववेना."

"सहावं पान?"

नेड्राने एप्रनच्या खिशातून कागद काढला. चौघडी करून करून तो मऊ पडला होता.

"मला एवढंच हवं होतं. एक पान. बुधवारी मशीनमधून ते सरकत आलं आणि मी वाचलं. ड्रीमाला काय ठाऊक, ती तेव्हा इथे नव्हती. म्हटलं, जेवणाच्या गर्दीत पाकीट काढते, पान काढते, परत ठेवते. तर प्रत्येक पानाखाली लिहिलेलं, पान चौदापैकी सहा, चौदापैकी सात. तीन प्रतींत तेच. आणि फोडलेलं पाकीट परत कसं ठेवू? घेऊन आले, आणि मग ना पुढे जाता येईना, ना मागे."

"तुझ्या जोएलला हृदयाचा झटका आला होता, असंच सगळे म्हणतात."

"मी म्हटलं म्हणून म्हणतात." तिचा आवाज ऑर्फापेक्षाही खाली गेला. "एल्झी दुसऱ्या गावी प्रवचनाला होता. मीच वर गेले. सगळं बाजूला केलं, तोंड पुसलं, केस विंचरले, मग फोन केला. एल्झीलाही ठाऊक नाही. पाच वर्षं तो चर्चमध्ये पुलपिटावर उभा राहून सांगतोय, देवाने माझ्या मुलाचं हृदय दुबळं केलं, तक्रार नाही. आणि आज चार वाजता तो पहिल्या रांगेत बसणार, घराला आशीर्वाद द्यायला. ते वाचतील पार्सनेज रोड. हळूच नाही वाचत ते, ऑर्फा. माइकवर वाचतात."

ऑर्फा तिच्या शेजारी बसली.

"मला पाच वर्षं ठाऊक आहे," ती म्हणाली. "तो लिफाफा मीच दिला होता तुझ्या हातात."

 "कधी बोलली नाहीस."

"पत्र तुझं होतं."

भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. अकरा वीस.

"यादीत नववी ओळ माझ्या लॉरीनाची आहे. तीही वाचतील. मी काही सांगत नाही तुला, नेड्रा. पण पोरगी तिकडे बसलीय, आणि तिच्या दाराची चावी तुझ्या भट्टीत आहे."

नेड्राने एप्रन सोडलं. "गाडी मी चालवते," ती म्हणाली. "तुझी फार हळू चालते."

७

ड्रीमाला वाटेत घेतलं. कोर्टाकडे जायला रेल्वेचं फाटक ओलांडावं लागतं, आणि अकरा पस्तीसला फाटक पडलं होतं. कोळशाची गाडी. डबा संपला की डबा, डबा संपला की डबा. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नदी, मागे लाकडाचा ट्रक येऊन टेकलेला. वळवून घ्यायला जागा नव्हती.

मागच्या सीटवर ड्रीमाच्या मांडीवर फाटलेलं पाकीट होतं. नेड्राने आरशात न बघता, स्टिअरिंग घट्ट धरून तिला सगळं सांगितलं. सांगायला तीन वाक्यं पुरली.

ड्रीमाने पाकिटाची फाटलेली कड बोटाने दाबून बसवली. "नावं नाहीत म्हणजे झाकलं, असं मला वाटलं," ती म्हणाली. "इथे रस्ता म्हणजेच नाव, हे मी विसरले. सहा वर्षं शहरात राहून अक्कल गहाण पडली."

"आधी मी चोर, मग तू बिनडोक," नेड्रा म्हणाली. "क्रम चुकवू नकोस."

कुणीतरी हुंदका दिला की हसलं, कळलं नाही.

"रस्त्याचा रकाना खोडता येतो," ऑर्फा म्हणाली. "अर्ज तुझा आहे. प्रत्येक ओळीशी तू आद्याक्षरं घातलीस की दुरुस्ती धरतात. पोस्टात आम्ही तसंच करायचो. आकडे, वयं राहू देत."

ड्रीमाने पेन काढलं. तेवीस ओळी, तीन प्रती. डबे धडधडत होते आणि ती गाडीतल्या बायबलची कड पट्टीसारखी धरून रेघा मारत होती. दुसऱ्या ओळीचा रस्ता गेला, नववीचा गेला. सोळावीचा गेला. नेड्रा मागे वळली आणि तिने सतराव्या ओळीवर अंगठा ठेवला.

"ही राहू दे."

"सिस्टर..."

"सगळ्या खोड. ही तेवढी राहू दे. पोरगा माझा तिथेच राहत होता. पाच वर्षं मी त्याला घराबाहेर उभं केलंय." तिने अंगठा उचलला नाही. "फक्त चारच्या आत मला एल्झीशी बोलायचंय."

कोळशाची गाडी संपली तेव्हा अकरा बावन्न झाले होते.

काउंटीच्या खिडकीतल्या बाईने फाटलेलं पाकीट उलटंपालटं केलं. "हे काय, कुत्र्याने खाल्लं का?"

"माझ्या हातून फाटलं," नेड्रा म्हणाली. पास्टरच्या बायकोला पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. ड्रीमाने फाटलेल्या कडेवर सही केली, बाईने चौदा पानं मोजली, होबर्ट क्लाइनची सही नोटरीच्या शिक्क्याशी ताडून पाहिली आणि मग आपला शिक्का दाबला. अकरा अठ्ठावन्न.

ऑर्फा भिंतीला टेकली. 

तुरुंगातून फोन आला तो सव्वाबाराला, तिच्या स्वयंपाकघरात. रेकॉर्ड केलेला आवाज आधी सगळे नियम सांगत बसला आणि मग टॅबिथा एका श्वासात म्हणाली, "आजी, गेला का?"

"गेला."

 पलीकडे कुणीतरी दार आपटलं. "किती दिवस अजून इथे?"

"घर उघडेपर्यंत. छप्पर गळतंय त्याचं."

"मी चढते छपरावर. सांग त्यांना, मला खिळे मारता येतात." आणि मग, "जेवलीस का तू?"

"आता जेवते."

तिने काल भिजवलेला घेवडा चुलीवर चढवला. तो शिजल्यावर मेणकागद उलगडून ते चिमूटभर मीठ पातेल्यात टाकलं. अर्धा स्वतः खाल्ला. उरलेला आपल्या त्याच भांड्यात ओतला, वर मक्याचा पाव ठेवला, झाकण लावलं आणि निळ्या पिशवीत घालून ती मागच्या वाटेने निघाली. टॅबिथा अजून आत होती, म्हणून उद्याही बारापर्यंत नेम होता.

साडेतीन वाजत होते. सूर्य डोंगराआड गेला होता आणि दरीत सावली भरत होती. पास्टरच्या स्वयंपाकघरात दिवा होता. आतून एकच आवाज येत होता, बाईचा, हळू, न थांबता, जणू थांबला तर पुन्हा सुरू व्हायचा नाही. पुरुषाचा आवाज मुळीच नव्हता.

ऑर्फाने दार वाजवलं नाही. पायरीवर पिशवी ठेवली, गरम बाजू दाराकडे करून, आणि आली तशी परत फिरली.